चढलेला आवाज

आधीच सांगून टाकते, माझा आवाज मोठा आहे. जन्मापासून मोठा. गल्लीत कुणाला हाक मारायची असली की शेजारणी मलाच पुढे करायच्या. आई मला लाडात आली की 'भोंगा' म्हणायची आणि रागावली की नुसतं 'ए'. तेव्हा आम्ही सगळे त्यावर हसायचो.

आता मी पंचावन्नची आणि आई ब्याऐंशीची. घरात आम्ही दोघीच होतो. मी घरीच शिवणकाम करते. पडदे, उशांचे अभ्रे, पँट आखूड करणं, चेन बदलणं, असलं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं मशीन आणि मशीनसमोर आईची खुर्ची. आईचा उजवा कान ठार गेलेला, डावा जेमतेम. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, ते तिनं दोन दिवस घातलं. "डोक्यात कुणीतरी कढई घासतंय," म्हणाली आणि डबीत घालून डबी कपाटात टाकली. डोळेही अधू, वर्तमानपत्राचा मथळासुद्धा तिला पुसट दिसतो. म्हणजे तिच्याशी बोलायचं तर डाव्या बाजूला जाऊन उभं राहायचं आणि बेंबीच्या देठापासून ओरडायचं. नऊ वर्षं आम्ही अशाच बोलत होतो.

आणि बोलत होतो म्हणजे काय, भांडतच होतो. आमच्या घरात गोड बोलायची पद्धत नाही.

"गोळी घे गं म्हातारे!"

"तूच घे. तुला जास्त गरज आहे."

"मरशील अशानं!"

"मरते की. मग तू कुणावर ओरडशील? मशीनवर?"

असं म्हणून गोळी तोंडात टाकायची, पाणी प्यायची आणि आम्ही दोघी खदाखदा हसायचो. हे रोजचं होतं. यातच आमचं सगळं प्रेम होतं, दुसरं कुठे ठेवलेलं नव्हतं.

धाकट्या भावाला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं. तो सात तासांवरच्या शहरात, मोठ्या हुद्द्यावर. दर रविवारी फोनवर चेहरा दाखवायचा. त्या दिवशी आई सकाळपासून केस विंचरून ताठ बसायची. फोनचा आवाज मी पूर्ण वाढवून तिच्या डाव्या कानाशी ठेवायचे, तरी दहातले तीन शब्द तिच्यापर्यंत पोचायचे. उरलेल्या सातांवर ती हसून वेळ मारून न्यायची. "हो रे. बरं बरं. छान." धाकटा खूश.

"अगं, सांग ना त्याला, ऐकू येत नाही म्हणून," मी एकदा म्हणाले.

तिनं माझं मनगट धरलं. "माझ्या सासूला बहिरी म्हणून कोपऱ्यात बसवलं होतं सगळ्यांनी. कुणी काही विचारेना, कुणी काही सांगेना. जिवंतपणी मोडीत काढली बाईला. मला तसं नको. त्याला सांगायचं नाही. शपथ आहे तुला माझी."

मी शपथ घेतली. मूर्खपणा केला, दुसरं काय.

मग थंडीत आई स्वयंपाकघरात घसरून पडली. मी पडदे पोचवायला गेले होते, अर्ध्या तासात परत आले तर ही जमिनीवर बसून भिंतीला टेकलेली. हाड मोडलं नव्हतं, पण धाकट्याचा धीर सुटला. दुसऱ्याच दिवशी तो हजर झाला आणि येताना कॅमेऱ्यांचं खोकं घेऊन आला. एक पुढच्या खोलीत, एक स्वयंपाकघरात, एक बाहेरच्या दाराशी.

"हे नुसते कॅमेरे नाहीत, ताई," शिडीवर उभा राहून तो मला समजावत होता. "यांना कळतं. कोण आलं, कोण पडलं, कोण कुणाशी कसं बोलतंय. वृद्धांसाठी खास सोय आहे. रोज संध्याकाळी दिवसभराचा गोषवारा येतो मला. आणि दिवसाला शंभरपैकी गुण."

"शाळेत असल्यासारखे?"

"तसंच समज."

कॅमेऱ्यानं आमचे दोघींचे चेहरे टिपले आणि धाकट्याला विचारलं, ही कोण, ती कोण. त्यानं फोनवर आईच्या चेहऱ्याखाली 'आई' लिहिलं. माझ्या चेहऱ्याखाली आलं 'काळजीवाहक'.

"का रे? 'ताई' लिहायला बोटं दुखत होती?"

"अगं, यादीत तेवढंच होतं," तो म्हणाला. आणि खरंच, यादीत तेवढंच होतं. मी बघितलं.

आईला कॅमेरा फार आवडला. लेकाचा डोळा घरात आला म्हणून तिला कोण आनंद! जाता-येता त्याला हात दाखवायची. माझं वेगळंच झालं. आपल्याच घरात मी ओढणी सारखी करायला लागले, खाजवायचं असलं तरी भिंतीआड जाऊन खाजवायला लागले. पण म्हटलं, आई पडली तर त्याला कळेल. सवय होईल.

तिसऱ्या आठवड्यात त्याचा फोन आला. माझ्याच फोनवर, आडवारी.

"ताई, एकटी आहेस का? जरा वाचून दाखवतो. सोमवार, सकाळी नऊ दहा. आवाज चढलेला. काळजीवाहक व्यक्तीकडून धमकीचे शब्द. सोमवार, बारा चाळीस. काळजीवाहक व्यक्ती वृद्ध व्यक्तीला काखेतून धरून ओढते आहे. सोमवार, चार वाजता. आवाज चढलेला. मंगळवार..."

"अरे, गोळीवरून ते! आणि ओढत नव्हते, उठवत होते. तिला उठवायचं तसंच असतं, डॉक्टरनंच दाखवलंय!"

"'मरशील' म्हणालीस तू तिला."

"रोजच म्हणते!"

बोलून गेले आणि जीभ चावली. तो अगदी मऊ आवाजात म्हणाला, "थकली असशील तू. मला कळतं. पण आईवर काढू नकोस." त्या मऊ आवाजाचा मला जेवढा संताप आला, तेवढा त्यानं शिव्या दिल्या असत्या तरी आला नसता.

दुसऱ्या दिवशी आईचे कपडे बदलताना मी पुढच्या खोलीतल्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकला. आईचे गुडघे इतके धरलेले असतात की कपडे खुर्चीतच बदलावे लागतात. पाच मिनिटांत फोन. "कॅमेरा झाकलाय असं आलंय. काय चाललंय तिकडे?"

"आईला उघडी केलीय. बघायची आहे का तुला?"

"हे चेहरे अस्पष्ट करतं, ताई. आणि कुणी बसून बघत नाही."

"मग मी तिला काखेतून धरलं ते कुणी बघितलं?"

त्यावर तो म्हणाला की ते माणसांनी नाही, यंत्रानं बघितलं. आणि मग जरा अडखळत म्हणाला की काही तुकडे कंपनीची माणसंही बघतात, यंत्र शिकावं म्हणून. तशी त्यानं परवानगी देऊन ठेवली होती. आईची परवानगी त्यानं दिली होती, माझीही त्यानंच दिली होती. म्हणजे कुठल्यातरी कचेरीत कुणीतरी अनोळखी बसून माझ्या आईचं उघडं अंग बघून ठरवणार की ही मारामारी आहे की आंघोळीची तयारी. मी फोन आपटला. चूक केली. 'काळजीवाहक व्यक्ती चिडलेली' अशीही नोंद त्या संध्याकाळी गेली म्हणे.

मग मी शहाणपणा केला. न्हाणीघरात कॅमेरा नव्हता. आईला आंघोळीला न्यायचं, दार लावायचं, बादलीत नळ सोडायचा आणि दिवसभराचं तुंबलेलं सगळं तिथे बोलून घ्यायचं. शेजारणीच्या सुनेला बाळ झालं ते, निळ्या पडद्यांच्या बाईनं तिसऱ्यांदा माप बदललं ते, सगळं. आई पाटावर बसून पाठ चोळून घेत घेत माझ्यावर खेकसायची, मी तिच्यावर. "साबण डोळ्यात घालतेस भवाने!" "घालणारच! मिटून घे!" पंचवीस मिनिटांची आंघोळ पाऊण तासावर गेली. मला वाटलं, सुटलो आपण.

कसलं काय! स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्याला कान होते. 'बंद दारामागून ओरडण्याचे आवाज. वृद्ध व्यक्ती आणि काळजीवाहक व्यक्ती सत्तेचाळीस मिनिटे दृष्टीआड. तातडीची सूचना.'

या वेळी धाकट्याचा आवाज मऊ नव्हता. पलीकडे भावजयही होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"बंद दारामागे काय करतेस तू तिला?"

"आंघोळ घालते! अरे, तिला ऐकू येत नाही म्हणून ओरडते मी. बहिरी आहे ती. ठार बहिरी. ऐक जरा!"

शपथ मोडली. त्या क्षणी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

"बहिरी? दर रविवारी माझ्याशी बोलते ती, ताई."

"बोलते कसली! हसते!"

"दे तिला फोन."

मी दिला. पडद्यावर लेकाचा चेहरा दिसताच हिचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "आई, माझं नीट ऐकू येतंय ना?" आणि ती म्हणाली, "हो हो! छान! छान आहे सगळं!" मी कपाळावर हात मारला. तेही कॅमेऱ्यानं टिपलं असेलच.

"आता ऐक," धाकटा मला म्हणाला. "आईचे कागद माझ्या सहीनं चालतात. आणखी महिना, दीड महिना बघतो. हा आलेख असाच राहिला तर मी तिला चांगल्या ठिकाणी ठेवणार आहे. आणि कॅमेरे बंद केलेस तर त्याच दिवशी निघून येईन."

मला आई हवी होती. दुसऱ्यांचे पडदे शिवता शिवता समोर कुणीतरी बसलेलं हवं होतं, गोळीवरून भांडायला कुणीतरी हवं होतं. लग्न झालं नाही, मूलबाळ नाही, जे काय होतं ते त्या खुर्चीत होतं. मी ठरवलं, गुण मिळवायचे ना? मिळवू. शाळेत नाही मिळवले, आता मिळवू.

मी हळू बोलायला लागले. चहा पुढ्यात ठेवायचा आणि हळूच म्हणायचं, "आई, चहा." गोळी तळहातावर ठेवून हळूच म्हणायचं, "आई, गोळी." तिच्या कानाशी तोंड नेऊन बघितलं, तर तिथेही घसा ताणल्याशिवाय पोचत नव्हतं आणि ताणला की कॅमेऱ्याचा दिवा लाल व्हायचा. मग नुसत्या खुणा. आंघोळ पंधरा मिनिटांत, दार किलकिलं ठेवून, तोंड मिटून. उठवताना धरायचं ते अगदी हलक्या हातानं, त्यामुळे तिला उठायला तिप्पट वेळ लागायचा.

आई सुरुवातीला चिडवायची. "काय गं, भोंगा बिघडला का?" मी ओठांवर बोट ठेवून कॅमेऱ्याकडे खूण करायचे. तिला काय कळणार? ती आपली त्याला हात दाखवायची. मग चिडवणं थांबलं. मग ती मला मुद्दाम काहीतरी लागेल असं बोलून बघायला लागली. "मीठ कुणाच्या नावानं टाकलंस यात?" मी हसून, हळूच काहीतरी म्हणायचे. ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची, मग तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागायची. मला दिसत होतं हो सगळं. मी आंधळी नव्हते. पण दर संध्याकाळी धाकट्याचा निरोप यायचा. आज एकोणऐंशी. आज शहाऐंशी. आज त्र्याण्णव, ताई, शाब्बास! आणि मी मनात म्हणायचे, थोडंच राहिलंय, आलेख सुधारला की मी त्यालाच बोलावून सगळं समोर दाखवीन.

दीड महिन्यानं तो आपणहून आला. भावजयही आली. मी सकाळपासून घर पुसून ठेवलं होतं. म्हटलं, आता हा म्हणेल, ताई, चुकलं माझं.

तो आईच्या डाव्या बाजूला, अगदी खुर्चीला खुर्ची लावून बसला. म्हणाला, "ताई, आईनं परवा फोनवर काही सांगितलं मला. तू तिच्या हातात फोन देऊन चहा टाकायला आत गेलीस तेव्हा. तिलाच सांगू दे."

आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. त्याच्याकडे बघत म्हणाली, "हिनं माझ्याशी बोलणं टाकलंय. दीड महिना झाला. आधी भांडायची तरी. आता पुढ्यात ताट सरकवते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटते. शिव्या देत असेल. मी नकोशी झालेय तिला, आणि तिचंही काय चुकलं? नऊ वर्षं झाली. तू नेशील तिथे येते मी. तिथे कुणी दोन शब्द तरी बोलेल."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि नऊ वर्षांच्या सवयीनं, पूर्ण आवाजात ओरडले, "आई! मी बोलत होते गं! रोज बोलत होते! तुला ऐकू जात नव्हतं! सांग याला, तुला ऐकू येत नाही! एकदा सांग!"

तिला ऐकू गेलं. शब्दन् शब्द गेला, मला तिच्या डोळ्यांत दिसलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग लेकाकडे, मग सुनेकडे. सून तिच्याकडे टक लावून बघत होती. आईनं पदर सारखा करावा तसा चेहरा सारखा केला आणि ताठ बसली.

"मला सगळं ऐकू येतं," ती म्हणाली.

"आई!"

"ओरडू नकोस," ती म्हणाली. "सगळं ऐकू येतं मला."

भावजयीनं हळूच माझ्या खांद्याला धरून मला उठवलं. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं का सांगू. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, मी त्याला ओरबाडलं तरी असतं. त्या दिवशी संध्याकाळच्या आत आईची पिशवी भरली. गाउनच्या घड्या मीच घातल्या, गोळ्यांचा डबा मीच भरला. यंत्राची डबी पिशवीत टाकायला गेले तर आईनं काढून परत कपाटात ठेवली. निघताना मी काहीच बोलले नाही. हळू बोलून उपयोग नव्हता आणि मोठ्यानं बोलायला तोंड उरलं नव्हतं.

त्या वृद्धाश्रमाचा नियम असा की पहिले दोन आठवडे घरच्यांनी यायचं नाही, म्हणजे माणूस रुळतं. पंधराव्या दिवशी सकाळीच मी गेले. मोठी स्वच्छ खोली, चार टेबलं, म्हाताऱ्यांचे घोळके. आई खिडकीजवळच्या टेबलाशी पत्ते खेळत होती. तिच्या डाव्या बाजूला आकाशी कपड्यातली एक तरणी परिचारिका वाकून उभी होती आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होती.

"आजी! तुमची पाळी! टाका पत्ता! लबाडी नको!"

"तूच लबाड!" आई म्हणाली आणि खदाखदा हसली. गालांवर रंग आला होता तिच्या.

मी दारातच उभी राहिले. परिचारिकेनं मला बघितलं, हात पुसत जवळ आली. "तुम्ही मुलगी ना? एक विचारायचं होतं. अर्जावर 'श्रवण उत्तम' असं लिहिलंय. कुणी लिहिलं हो? पहिल्याच तासात कळलं आम्हाला. त्या कबूल करत नाहीत, पण आम्ही ओरडूनच बोलतो. त्यांना फार आवडतं."

मी आईपाशी गेले. डाव्या बाजूला वाकले. तिनं वर बघितलं, ओळखलं, आणि तिचं हसू हळूहळू मावळलं.

"ही माझी मुलगी," ती टेबलावरच्या बायकांना म्हणाली. "बोलत नाही ही फारशी."

मी श्वास घेतला. खोलीतली सगळी माणसं माझ्याकडे वळतील इतक्या जोरात ओरडले, "आई!"

"हां, असंच," परिचारिका माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली. "अगदी असंच बोलायचं त्यांच्याशी. घरी कुणी बोलत नव्हतं वाटतं?"